मदत हवी: तालुक्याच्या गावातला २०० खुर्च्यांचा हॉल, चार मैफिली ठरल्यात, पण आवाज फार घुमतो

मैफिल_तालुका:
नागपूरहून तासाभरावर असलेल्या आमच्या गावात नोव्हेंबर ते फेब्रुवारी, महिन्याला एक अशा चार मैफिली ठरल्या आहेत. कलाकार नागपूरचेच. नोव्हेंबरात मराठी गझल (गायिका, पट्टी काळी चार, हार्मोनियम, तबला, कीबोर्ड), डिसेंबरात बासरी आणि तबला, जानेवारीत नाट्यसंगीत (गायक काळी एक, ऑर्गन, तबला) आणि फेब्रुवारीत कॉलेजच्या मुलांचा बँड.

हॉलचं माप: लांबी २० मीटर, रुंदी १२, उंची ५. त्यातली शेवटची ५ मीटर स्टेजची, लाकडी फळ्यांचं, ९० सेंटिमीटर उंच. भिंतींना ऑइलपेंट, खाली कोटा, वर स्लॅब, दोन्ही बाजूंना काचेच्या सरकत्या खिडक्या. स्टेजला पडदे आहेत, बाकी कापड म्हणून कुठे नाही. खुर्च्या प्लास्टिकच्या. रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवली की तीन-चार सेकंद घुमत राहते. भाषणाच्या कार्यक्रमात सातव्या-आठव्या ओळीनंतर शब्द कळत नाहीत.

साउंडवाल्याने दिलेलं कोटेशन: टॉप (मुख्य स्पीकर) चार, डबल अठराचे (दोन-दोन अठरा इंची स्पीकरचे) बेस दोन, मॉनिटर (कलाकारांना ऐकवणारे स्पीकर) चार, माईक बारा, ईको मशीन. हे बरोबर आहे का? भिंतींना अंड्यांचे ट्रे लावा असंही काही जण सुचवतात. तिकीट १५० ठेवायचा विचार आहे. परवानग्या कोणत्या लागतील, तारखा ठरवताना काय पाहावं, तेही सांगा.

घुमट:
ट्रे लावू नका. अंड्याच्या ट्रेचा पुठ्ठा पातळ असतो, वरच्या सुरांचा थोडा भाग सोडला तर तो काहीच शोषत नाही. तुमचा त्रास मधल्या आणि खालच्या सुरांचा आहे, तो तसाच राहील. शिवाय पुठ्ठा पेट घेतो. पॅकिंगचा स्वस्त फोमही नको, तोही भडकतो आणि धूर विषारी.

आता हिशोब बघा. हॉलचं घनफळ १२०० घनमीटर. भिंती, फरशी, स्लॅब मिळून ८०० चौरस मीटर पृष्ठभाग, आणि सगळाच टणक. स्टेजचे पडदे धरले तरी एकूण शोषण (आवाज पूर्ण गिळणारा पृष्ठभाग धरला तर) ४५-५० चौरस मीटरच्या वर जात नाही. सॅबिनच्या सूत्राने (०.१६१ गुणिले घनफळ, भागिले शोषण) घुमण्याची वेळ चार सेकंद येते. म्हणजे टाळीने तुम्हाला बरोबरच सांगितलं.

माणूस हा उत्तम पडदा असतो. बसलेला एक माणूस साधारण ०.४५ चौरस मीटर शोषतो. २०० माणसं आली की तोच हॉल १.४ सेकंदांवर येतो, गझलेला तेवढं चालतं. पण १०० च आली तर २.१, आणि तिथे शब्द पुसट होऊ लागतात. त्यामुळे तयारी अर्ध्या हॉलची करा, भरलेल्या हॉलची नको.

सगळ्यात आधी मागची भिंत झाका. स्पीकरचा आवाज थेट तिच्यावर आदळतो आणि उलटून स्टेजवर येतो. बिछायत केंद्रातून जाड पडदे घ्या, मंडपाचं झिरझिरीत कापड नको. १२ मीटर भिंतीला २४ मीटर कापड लागेल, म्हणजे दुप्पट चुण्या पडतील. भिंतीपासून १०-१५ सेंटिमीटर पुढे तार ताणून चार मीटर उंचीवरून सोडा. भिंतीला चिकटवलेला पडदा खालचे सूर शोषत नाही, मागे हवेची पोकळी हवीच. एवढ्याने १०० माणसांतही १.७ सेकंदांच्या आसपास याल. उरलेल्या पैशात बाजूच्या काचांवर पडदे आणि मधल्या वाटेत सतरंज्या. सतरंजीने घुमणं फारसं कमी होत नाही, पण खुर्च्या सरकवल्याची करकर आणि चपलांचा आवाज थांबतो. सूर हळू असताना तोच जास्त बोचतो.

टॉप_आणि_बेस:
कोटेशन लग्नाच्या लॉनचं आहे, भाऊ. १५ मीटर खोल श्रोतृवर्गाला पंधरा इंची दोन टॉप पुरतात. पहिल्या तीन मैफिलींना बेस लागतच नाही. डग्ग्याची गाज टॉपमधूनच छान येते आणि घुमणाऱ्या हॉलमध्ये अठराचा बेस म्हणजे नुसती गडगड. बँडच्या दिवशी फक्त एक सिंगल अठरा मागवा. ईको मशीन काढून टाका, ईको हॉल स्वतःच देऊन राहिला आहे. गायिकेला कोरडं वाटलं तर मिक्सरमधला रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) फक्त तिच्या मॉनिटरला द्या, बाहेर नको.

टॉप स्टेजच्या कडेच्या पुढे, माईकच्या मागे कधीही नाही. स्टँड असा लावा की हॉर्न (टॉपमधला वरच्या सुरांचा भोंगा) जमिनीपासून सव्वादोन ते अडीच मीटरवर येईल, आणि तोंड खाली झुकवा, हॉर्नची सरळ रेषा शेवटून तिसऱ्या ओळीतल्या डोक्यांवर पडेल असं. सरळ ठेवलात तर अर्धा आवाज मागच्या भिंतीला जातो.

मागच्या ओळींना शब्द कमी पडले तर पुढचा आवाज वाढवू नका. टॉपपासून ११ मीटरवर दोन्ही बाजूंना आठ इंची छोटे स्पीकर लावा आणि डिले द्या, म्हणजे त्यांचा आवाज थोडा उशिरा सोडा. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४६ मीटर जातो, ११ मीटरला ३२ मिलिसेकंद. त्यात १० मिळवून ४२ ठेवा, म्हणजे आवाज स्टेजवरूनच येतोय असं वाटतं. डिले नसेल तर हे स्पीकर लावूच नका, दोन आवाज एकमेकांवर चढतात.

माईक बारा कशाला? उघडे माईक दुप्पट झाले की फीडबॅकच्या (स्पीकरच्या शिट्टीच्या) आधी मिळणारा आवाज तीन डेसिबलने घटतो. गझलेला: गळा एक, हार्मोनियम एक, तबला दोन, निवेदन एक. कीबोर्ड डीआय बॉक्समधून (वाद्य तारेने मिक्सरला जोडणारी डबी) थेट. निवेदनाचा माईक गाणं सुरू होताच म्यूट.

गळ्याला साधा डायनॅमिक माईक, कार्डिऑइड (समोरचं जास्त ऐकणारा), तोंडापासून चार बोटं. कार्डिऑइडला मागून सगळ्यात कमी ऐकू येतं, म्हणून मॉनिटर बरोबर माईकच्या शेपटीच्या रेषेत. सुपरकार्डिऑइड दिला तर तीच जागा चुकते, त्याला मॉनिटर तिरके, दोन्ही बाजूंना लागतात. कोणता माईक येणार हे साउंडवाल्याला आधीच विचारा, नाहीतर शिट्टी कुठून येते ते शोधण्यात अर्धा तास जातो. हार्मोनियमचा माईक श्रोत्यांच्या बाजूने, पट्ट्यांच्या वर २०-२५ सेंटिमीटर. भात्याच्या बाजूला ठेवला तर हवेची फुसफुस येते. कलाकार बसून गातात, तेव्हा बुटके बूम स्टँड कोटेशनमध्ये लिहून घ्या. उभे स्टँड आले की ते वाकवून ठेवले जातात आणि अर्ध्या मैफिलीत हळूच खाली बसतात.

लो-कट (त्या आकड्याखालचे सूर कापणं): गळ्याला १००-१२० हर्ट्झ, हार्मोनियमला १२०, डग्ग्याला नाही. घुमणाऱ्या हॉलमध्ये २५० ते ४०० हर्ट्झची पट्टी फुगते, तिथे तीन-चार डेसिबल कमी करा. साउंडचेक रिकाम्या हॉलमध्ये होतो आणि माणसं आल्यावर चित्र बदलतं, म्हणून तेव्हाचं ईक्यू (सुरांच्या पट्ट्यांचं कमी-जास्त) अंतिम मानू नका. पहिल्या गझलेच्या वेळी साउंडवाल्याने मागून चौथ्या ओळीत उभं राहून ऐकावं. मिक्सर स्टेजच्या विंगेत लावायला देऊ नका, तिथून हॉल कळत नाही.

मैफिल_तालुका:
फार उपयोगी, आभार. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. फळ्यांच्या स्टेजवर डग्गा वाजला की ढब्ब असा आवाज खालून येतो. आणि जुन्या कार्यक्रमांत स्पीकरमधून सतत हुं येत असे.

अर्थिंग:
आधी हुं. ती बहुतेक वेळा अर्थ लूपची असते: मिक्सर एका बोर्डावर, स्पीकर दुसऱ्या, दोन्हींचं अर्थिंग वेगळं, मग ५० हर्ट्झची गुरगुर. सगळा साउंड एकाच फेजवर, एकाच बोर्डावरून. लाइट, पंखे दुसऱ्या फेजवर. बोर्डावर मल्टिमीटरने न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज बघा. दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल तर कार्यक्रमाच्या आधी वायरमन बोलवा. कीबोर्डची हुं डीआय बॉक्सच्या ग्राउंड लिफ्टने जाते. प्लगची अर्थ पिन काढून हुं घालवायला कोणालाही देऊ नका. माईक ओठाशी असतो, जिवाशी खेळ आहे.

जनरेटर: दोन टॉप, मॉनिटर, एलईडी पार (स्टेजचे दिवे) आठ, मोजके दिवे मिळून चार किलोवॉटच्या आत बसतं, १५ केव्हीए भरपूर झाला. जुने हजार वॉटचे पार आले तर आठांचेच आठ किलोवॉट होतात, त्यामुळे एलईडी असं कोटेशनमध्ये लिहूनच घ्या. जनरेटर खिडक्यांच्या बाजूला नको. वीज जाऊन जनरेटरवर बदल होताना मिक्सर बंद पडतो, म्हणून त्याला छोटा यूपीएस.

दायाँ_बायाँ:
ढब्ब आवाजाचं कारण फळ्यांखालची पोकळी. तबलजींच्या खाली आधी दुहेरी सतरंजी, मग कापसाची गादी, आणि माईक स्टँडचे पाय गादीवर नाही, बाहेर, रबराच्या तुकड्यावर. शक्य असेल तर त्या फळीखाली दोन टेकू द्या.

पट्टीचं कलाकारांशी आधी बोलून घ्या. काळी चारच्या गायिकेला तबला षड्जात (तिच्या सा ला) जुळवायचा तर सहा इंचांच्या वरचा मोठ्या तोंडाचा तबला हवा, तो प्रत्येकाकडे नसतो. साडेपाच इंची काळी एकचा तबला असेल तर तोच चालतो, कारण काळी चारचा मध्यम (म) म्हणजे काळी एक. जानेवारीत काळी एकला तोच तबला षड्जात. बासरी पांढरी तीनची असेल तर पाच-सव्वापाच इंची लागेल.

ऑर्गनचा सूर जागेवर बदलता येत नाही. त्यामुळे त्या दिवशी आधी ऑर्गन, मग त्याला इलेक्ट्रॉनिक तानपुरा बारीक सुराने मिळवून, मग तबला. डिसेंबरात क्रम वेगळा: बासरी थंडीत उतरते, दर अंशाला तीनेक सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). संध्याकाळी १५ अंशांच्या हॉलमध्ये आणि फुंकर मारून गरम झालेल्या बासरीत बराच फरक असतो. वादकाला पंधरा मिनिटं वाजवू द्या, मग तानपुरा लावा.

तबला-डग्गा गाडीतून काढून निदान तासभर आधी स्टेजवर ठेवा. थंडीतून आलेली पुडी दिव्यांच्या उष्णतेने चढते, आणि मग दोन गाण्यांच्या मधे हातोडी चालू राहते. समोरचे दिवे साउंडचेकपासूनच चालू ठेवलेत तर हा त्रास निम्म्यावर येतो.

बँडच्या मुलांना आत्ताच सांगा: अकूस्टिक ड्रमसेट या हॉलमध्ये नको. तो माईकविनाच बाकी सगळ्यांना झाकतो, मग गिटार वाढते, मग गळा, आणि शेवटी कोणाचंच काही कळत नाही. ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक तालवाद्य), कहोन (वर बसून वाजवायचं लाकडी खोकं) आणि गिटार डीआयमधून.

रीतसर:
परवानगी: पोलीस ठाण्यात लेखी अर्ज, सोबत हॉलचं बुकिंगपत्र, वेळ आणि अंदाजे उपस्थिती. ध्वनिप्रदूषण नियम २००० चे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. बंदिस्त सभागृहाच्या आतल्या वापराला सवलत आहे, पण तुमच्या काचेच्या सरकत्या खिडक्या उघड्या राहिल्या की तो युक्तिवाद टिकत नाही. साडेसहाला सुरू, सव्वानऊला भैरवी, असंच ठेवा. गावच्या लोकांनाही तेच सोयीचं, नागपूरची मंडळीही वेळेत परततात. १०० मीटरच्या आत दवाखाना, शाळा किंवा कोर्ट असेल तर शांतता क्षेत्र ठरू शकतं, आधी विचारा.

जीएसटी: संगीत कार्यक्रमाचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर करमुक्त. १५० ला प्रश्नच नाही. चारही मैफिलींचं मिळून ४५० चं सीझन तिकीट काढा. दीडशेचं तिकीट ऐन वेळी रद्द होतं, आधी घेतलेलं सहसा होत नाही, आणि तुम्हाला तर घुमणं कमी करायलाही माणसं हवीत!

स्वामित्वहक्क: तिकीट लावून दुसऱ्याची रचना गायची तर परवाना लागतो, शब्द-चालीचा आयपीआरएसकडून (गीतकार-संगीतकारांची हक्कसंस्था). मध्यंतरात रेकॉर्ड वाजवणार असाल तर तिचा वेगळा, म्हणून वाजवू नका. हक्क कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. गझलेच्या कार्यक्रमात सुरेश भट असणारच; ते २००३ साली गेले, म्हणजे २०६३ अखेरपर्यंत हक्क आहे. पारंपरिक बंदिशींना अडचण नाही. नाट्यपदांचं कवी आणि चाल देणारा, दोघांचं वेगवेगळं तपासा. गायकांकडून गाण्यांची यादी तीन आठवडे आधी घ्या.

बर्डीकर:
तारखांचं. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले की साउंड, जनरेटर, बिछायत सगळं महागतं आणि ऐन वेळी पळवलंही जातं. नोव्हेंबरची मैफिल मंगळवार-बुधवारी मुहूर्त नसलेल्या दिवशी घ्या, किंवा सामानाचा अ‍ॅडव्हान्स आत्ताच देऊन पावती घ्या. पौषात लग्नं नसतात, त्यामुळे जानेवारीची तारीख पौषात बसवलीत तर तेच सामान स्वस्तात मिळतं आणि साउंडवाला स्वतः येऊन बसतो, पोऱ्याला पाठवत नाही.

डिसेंबरात नागपूरला विधिमंडळाचं अधिवेशन असतं. गाड्या, हॉटेलं, पोलीस सगळे तिकडे गुंतलेले. नागपूरचा खासदार सांस्कृतिक महोत्सवही नोव्हेंबर-डिसेंबरात असतो. तिथे फुकटात मोठी नावं ऐकायला मिळतात आणि तुमच्या गावचे रसिकही तिकडे जातात. त्यांच्या तारखा जाहीर झाल्याशिवाय बासरीची पत्रिका छापू नका.

मैफिल_तालुका:
ठरवलं ते असं: मागच्या भिंतीला २४ मीटर जाड कापड तारेवर, टॉप दोन, मॉनिटर दोन, माईक पाच, बेस फक्त फेब्रुवारीत, ईको मशीन रद्द. साउंडवाल्याला नवीन यादी देतो आहे, त्यात बुटके स्टँड, डीआय दोन, एलईडी पार. यात काही राहिलं असेल तर सांगा.

टॉप_आणि_बेस:
मिक्सर श्रोत्यांत बसणार, तेव्हा ३० मीटरची स्नेक केबल (स्टेजवरच्या सगळ्या माईकची एकत्र केबल) लिहा. दोन जादा एक्सएलआर (माईकच्या) केबल, एक जादा माईक. आणि मधल्या वाटेतून जाणारी केबल सतरंजीखालून नको, भिंतीच्या कडेने न्या. अंधारात पाय अडकतो.