पदरमोड करून विकत घेतलेले अपमान

माझ्या कपाटात एक रेशमी स्कार्फ आहे. चार वर्षं झाली, एकदाही गळ्यात घातलेला नाही. तो मी मिलानला घेतला, तोही केवळ रागाच्या भरात.

मोठ्या नावाचं दुकान. दारात सूट घातलेला रखवालदार, आत आमच्याशिवाय दोनच गिऱ्हाइकं. दिवसभर भटकंती झालेली, पायात मळलेले बूट, पाठीला सॅक. एका कोटाकडे बोट दाखवून "घालून बघू का?" म्हटलं, तर विक्रेतीने आधी माझे बूट बघितले. मग "तो बराच महाग आहे" एवढं बोलून कोटाचं हँगर सरळ केलं.

यावर मुकाट्याने बाहेर पडायचं की नाही? मी तरातरा काउंटरवर गेले आणि समोर दिसला तो स्कार्फ उचलला. मलाही परवडतं हे जिला दाखवायचं होतं, ती तोवर आतल्या खोलीत गेली होती. बिल दुसऱ्याच एका मुलाने केलं, तेही अगदी हसतमुखाने!

2013 मध्ये अमेरिकेतल्या अतिश्रीमंत टीव्ही सूत्रसंचालिका ओप्रा विन्फ्री यांनी झुरिकचा असाच किस्सा सांगितला होता. पर्स दाखवा म्हटल्यावर ती तुमच्यासाठी फार महाग आहे असं ऐकावं लागलं, असं त्यांचं म्हणणं. दुकानाने तो गैरसमज ठरवला, स्विस पर्यटन खात्याने माफी मागितली, आठवडाभर चर्चा चालली. जिथे त्यांची ही गत, तिथे माझ्या बुटांचं काय घेऊन बसलात.

तर सांगा, सुट्टीत अशा दुकानात तुमच्या वाट्याला काय आलं? रागावून बाहेर पडलात, की माझ्यासारखी रागावून खरेदी केलीत? दुकानांची नावं नकोत, घडलं ते लिहा.

*

मी हातमोजे घेतले. भर उन्हाळ्यात. याहून जास्त लिहवत नाही.

*

माझा अपमान मापाच्या आकड्याने केला. पॅरिसमध्ये मला 38 चा ड्रेस नीट बसला होता, म्हणून मिलानमध्ये ऐटीत 38 मागितला. विक्रेतीने एकदा मला आपादमस्तक न्याहाळलं आणि काही न बोलता आणून दिला. ट्रायल रूममध्ये तो खांद्यांवरून खालीच उतरेना. बाहेर आले तर दोघीजणी एकमेकींकडे बघून हसत होत्या. फ्रेंच 38 म्हणजे इटालियन 42 साधारण, आणि ब्रिटिश 10, हे मला नंतर कळलं. त्यांना तर रोजचं माहीत असणार ना? "तुम्ही कुठल्या देशाचं माप सांगताय?" इतकं विचारलं असतं तरी पुरे होतं.

*

ड्रेस मला हवा होता, पैसे माझे, कार्ड माझं. पण त्या बाई सगळं बोलत होत्या ते आमच्या ह्यांच्याशी. बसायला खुर्ची ह्यांना, पाणी ह्यांना. शेवटी कार्डाचं मशीनसुद्धा ह्यांच्यासमोर धरलं. ह्यांनी शांतपणे ते माझ्याकडे सरकवलं. मग मी तो ड्रेस तिथेच ठेवला आणि आम्ही निघालो. ह्यांना अजून हळहळ वाटते, पाणी फार गार होतं म्हणतात.

*

माझी तक्रार उर्मटपणाची नाही, बेफिकिरीची आहे, आणि ती मला जास्त महागात पडली.

पॅरिसला सूट घेतला. फ्रान्समध्ये किमतीतच 20 टक्के व्हॅट असतो. युरोपियन संघाबाहेर राहणाऱ्याची एका दुकानातली खरेदी 100 युरोच्या वर गेली, की त्यातला काही भाग परत मिळू शकतो. मात्र त्याचा फॉर्म दुकानाने करून द्यावा लागतो, आणि द्यायलाच हवा अशी दुकानावर सक्ती नाही. माझा पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत. फोनमधला फोटो दाखवला, तर मान हलवून नकार. ठीक, नियम असेल. तासाभरात पासपोर्ट घेऊन परत आलो, तर ज्याने बिल केलं त्याची पाळी संपलेली. दुसऱ्याने असा सुस्कारा सोडला, जणू मी सूट शिवून मागत होतो. अखेर फॉर्म मिळाला. "विमानतळावर मशीनमध्ये स्कॅन करा, झालं," म्हणाला.

त्याने एवढंच विचारायला हवं होतं, की तुम्ही निघणार कुठून? आम्ही पुढे रेल्वेने ॲम्स्टरडॅमला जाऊन तिथून विमान पकडणार होतो. 'पॅब्लो' नावाची ती मशीन फ्रान्सपुरतीच. संघाच्या ज्या शेवटच्या देशातून आपण बाहेर पडतो, तिथल्या कस्टम्सकडून मंजुरी घ्यावी लागते, आणि मागितली तर वस्तू दाखवावी लागते. माझा सूट चेक-इन झालेल्या बॅगेत. खिडकीवरच्या बाई फार सौजन्याने नाही म्हणाल्या. आतापर्यंतच्या सगळ्या साखळीत नीट बोललेली तीच एक.

(लंडनला हा प्रश्नच येत नाही. 2021 च्या सुरुवातीपासून ग्रेट ब्रिटनमधल्या दुकानांत पर्यटकांसाठीचा परतावा बंद झालाय. तरीही आमच्या एका काकांना तिथल्या सेल्समनने "मिळेल, मिळेल" म्हणून कोट विकला.)

*

तिसऱ्याच दिवशी जॅकेटची चेन निसटली. तोवर आम्ही दुसऱ्या शहरात. त्याच ब्रँडच्या दुकानात गेले तर उत्तर, जिथे घेतलं तिथेच जा. मी 14 दिवसांत माल परत करण्याच्या हक्काचा मुद्दा काढला आणि तोंडावर आपटले. युरोपातला तो 14 दिवसांचा हक्क मुख्यतः ऑनलाइन वगैरे खरेदीसाठी आहे. दुकानात उभं राहून घेतलेलं परत घ्यायचं की नाही ही त्यांची मर्जी. पण सदोष मालाची दोन वर्षांची कायदेशीर हमी असते, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही! बिल आणि फोटो जोडून मूळ दुकानाला ईमेल केला, दोन महिन्यांनी चेन बदलून मिळाली.

*

थोडं आपल्याबद्दल बोलू का? पॅरिसमध्ये मलाही सगळे शिष्ट वाटायचे. मग एका मैत्रिणीने सांगितलं की आत शिरताना "बाँजूर" न म्हणणं हाच तिथे उद्धटपणा, आणि घडी केलेले कपडे आपल्या हाताने उलगडायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी दोन्ही पाळलं. निम्मे चेहरे सैल झाले. उरलेले निम्मे खरंच शिष्ट होते.

*

मी काउंटरच्या पलीकडून लिहितो. तीन वर्षं अशा दुकानात कपडे विकले आहेत.

बूट बघायला कुणी शिकवत नाही, पण डोळे आपसूक जातात. कमिशन विक्रीवर, गिऱ्हाईक पाळीपाळीने. एका पर्यटकात अर्धा तास गेला आणि त्याने नुसतेच फोटो काढले, तर तेवढ्यात आलेलं दुसरं गिऱ्हाईक सहकाऱ्याकडे जातं. म्हणून माणूस घाईने अंदाज बांधतो, आणि तो सपशेल चुकतो. माझी सगळ्यात मोठी विक्री रबरी चपला घातलेल्या आजोबांना झाली. त्यांना आधी दोघांनी टाळलं होतं.

स्कार्फवाल्या ताई, तुम्ही एकट्या नाही. 2014 मध्ये 'जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्च'मध्ये यावर एक अभ्यास आला होता. ज्या ब्रँडची आस असते, तिथल्या विक्रेत्याने झिडकारलं की ओढ वाढते. साध्या ब्रँडच्या बाबतीत तसं होत नाही. आणि ती वाढलेली ओढ दोनेक आठवड्यांत ओसरून उलटीच फिरते. आमच्याकडे याला अभ्यासाची गरज नव्हती. चिडून काही घेतलेलं माणूस परत कधी आलेलं मी पाहिलं नाही.

*

धागाकर्तीच लिहितेय. वरचं वाचून स्कार्फ बाहेर काढला. गडद हिरवा आहे, घड्या अजून दुकानातल्याच. हातमोजेवाल्या ताई, तुमचे कोणत्या रंगाचे आहेत? जुळत असतील तर एक सेट होईल.