लग्नघरातलं जागरण की मॅनियाची सुरुवात, कसं ओळखायचं?

(बोलणाऱ्यांची नावं नाहीत, त्यांच्या नागपुरातल्या वस्त्या दिल्या आहेत.)

मानेवाडा: लहान भावाला बायपोलर आहे (कधी मॅनिया, म्हणजे अतिउत्साहाचा झटका, कधी खोल उदासी), त्यावर लिथियमच्या गोळ्या चालू आहेत. मे महिन्यात घरी लग्न. तेव्हा सगळेच जागे, सगळेच उत्साहात. त्यात मॅनियाची सुरुवात पहिल्या दोन-तीन दिवसांतच कशी लक्षात येईल?

धरमपेठ: ताई, आधी झोप बघा. जागरण झालेला माणूस दुसऱ्या दुपारी कुठेतरी आडवा होतो. मॅनियाकडे निघालेला तीन तास झोपून पहाटे टवटवीत उठतो, दिवसभर थकत नाही आणि झोप हवी असंही त्याला वाटत नाही. सलग दोन रात्री असं दिसलं की डॉक्टरांना फोन करा. निदानाच्या निकषात सात दिवस आहेत, पण घरच्यांनी तेवढं थांबायचं नसतं.

बाकी सगळं त्याच्या नेहमीच्या वागण्याशी ताडून बघा. मुळातच बोलका असेल तर बडबडीवरून काही कळणार नाही. दुसऱ्याला मध्ये शब्दही घालू देत नसेल तर कळेल. रात्री दोनला व्हॉट्सॲपवर लांबलचक मेसेज, सीताबर्डीतून एकदम चार जोडी बूट, एक काम अर्धवट टाकून तीन नवी. आणि दरवेळी आनंदच दिसतो असं नाही. कित्येकदा नुसती चिडचिड असते, ती लग्नाच्या धावपळीवर ढकलली जाते आणि तिथेच दिवस वाया जातात. मागच्या वेळी काय आधी बदललं, काय नंतर, हे तो बरा असताना त्याच्यासोबत बसून लिहून काढा. बहुतेकांचा क्रम थोडाफार तोच असतो.

महाल: उन्हाचंही बघा. नागपूरच्या ४५ अंशांत घामावाटे पाणी आणि मीठ जातं, मग मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि रक्तातली पातळी चढते. अंगदुखीवर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, त्यानेही चढते. हात जोरात थरथरणं, उलट्या-जुलाब, झोकांड्या, जड जीभ ही लिथियम जास्त झाल्याची लक्षणं दिसली तर पुढची गोळी न देता तडक मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत न्या. एरवी मनाने गोळी बंद करू नका, अचानक थांबवली की मॅनिया उलटतो. लग्नाआधी पातळी तपासून घ्या: रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी.

मानेवाडा: आणि त्याने ऐकलंच नाही तर?

धरमपेठ: "तू आजारी आहेस" म्हणू नका, वाद वाढतो. "काल किती तास झोपलास?" एवढंच विचारा. यूपीआयची मर्यादा आणि गाडीची चावी कोणाकडे, हे आजच त्याच्याशी ठरवा. हळद-संगीताच्या रात्री अकराला त्याची खोली अंधारी, फोन बाहेर. डॉक्टर लागत नसतील तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ रात्रीही चालू असतो.