मदत हवी आहे : रॉकेट एका बाजूला कलते; दोष जॉयस्टिकचा की बांधणीचा?

नमस्कार. मी पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो. माझी अकरावीत शिकणारी मुलगी आणि मी गेले दोन महिने ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ या, रॉकेट बांधून उडवण्याच्या संगणकीय खेळाचा पहिला भाग एकत्र खेळत आहोत. चांद्रयान-३ ज्या एलव्हीएम३ रॉकेटने २०२३ मध्ये गेले, त्याच धर्तीवर आपले रॉकेट असावे असा तिचा आग्रह आहे. त्यामुळे मध्ये द्रव इंधनाचा गाभा, दोन्ही बाजूंना ‘थंपर’ हे घन इंधनाचे बूस्टर अशी रचना आम्ही केली आहे आणि खऱ्या रॉकेटप्रमाणेच गाभ्याचे इंजिन जमिनीवर न पेटवता बूस्टर संपत आल्यावर हवेत पेटवतो.

उड्डाणानंतर काही सेकंदांतच रॉकेट उजवीकडे कलू लागते, एसएएस (यानाची दिशा आपोआप स्थिर ठेवणारी खेळातली यंत्रणा) चालू असूनही सावरत नाही आणि ५-६ किलोमीटर उंचीवर पूर्ण उलटे फिरते. जॉयस्टिक जुना, वापरलेला घेतलेला आहे. त्याची मूठ पिळली की यान डावी-उजवीकडे वळते, अशी जोडणी केली आहे. विंडोजमध्ये कॅलिब्रेशन दोनदा केले; पुढे-मागे आणि आडव्या हालचालीची खूण मध्यावर स्थिरावते, परंतु पिळण्याची पट्टी हात काढून घेतल्यावरही किंचित थरथरत राहते. बांधणीच्या शेडमध्ये पिवळा गुरुत्वमध्य आणि जांभळा रेट्याचा मध्य एकाच उभ्या रेषेत दिसतात, त्यामुळे बांधणीत चूक कोठे आहे ते आम्हांला कळत नाही. नवा जॉयस्टिक घेण्याआधी दोष नेमका कशात आहे हे कसे ओळखावे, कृपया सांगावे.

प्रतिसाद १
आपल्या वर्णनावरून मला दोन्ही दोष एकत्र आलेले दिसतात, म्हणून आधी ते वेगळे करावेत. रॉकेट तळावर उभे असताना एसएएस बंद करा, जॉयस्टिकवरचा हात काढा आणि पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात खालचे तीन छोटे काटे पाहा. वळणाचा काटा मध्यावरून सरकलेला असेल, तर खेळाला आपल्या हाताविना आज्ञा मिळत आहे. एसएएस वैमानिकाच्या आज्ञेपुढे माघार घेते, त्यामुळे अशी बारीक पण अखंड आज्ञा चालू असेपर्यंत ते दिशा धरून ठेवणार नाही. सेटिंग्जमध्ये त्या अक्षाचा डेडझोन (मध्याजवळची जी बारीक हालचाल खेळ मोजत नाही, तो पट्टा) थोडा थोडा वाढवत काटा मध्यावर स्थिर होईल तेथे थांबा. उगाच फार वाढवला, तर पुढे चंद्रावर उतरताना लागणारी नाजूक हालचाल हातून जाईल. त्यानंतर एक उड्डाण केवळ कीबोर्डवर करून पाहा.

कीबोर्डवरही रॉकेट उलटले, तर कारण बांधणीत आहे, आणि माझा खरा संशय तेथेच आहे. एलव्हीएम३ चा गाभा उड्डाणानंतर जवळजवळ दोन मिनिटांनी पेटतो हे खरे, पण त्याच्या एस२०० बूस्टरांची नोझल (ज्वाला बाहेर पडण्याची तोंडे) वळू शकतात आणि तोवर रॉकेटला तीच दिशा देतात. खेळातल्या थंपरचे नोझल स्थिर असते. म्हणजे आपला गाभा बंद असताना रॉकेटला सुकाणू जवळजवळ नाहीच! गाभ्याला ‘स्विव्हल’ इंजिन लावा, कारण त्याचे नोझल वळते, ‘रिलायंट’चे वळत नाही, आणि ते जमिनीवरच, कमी थ्रॉटलवर (कमी जोरावर) पेटवा. मुलीला मूळ क्रमच हवा असेल, तर बूस्टरांच्या तळाशी हलणारे पंख लावा आणि शेडमध्येच बूस्टरांचा रेटा मर्यादित करून घ्या, कारण उड्डाणात तो कमी करता येत नाही. आरंभीचा रेटा वजनाच्या दीडपटीच्या आसपास पुरतो.

आणखी एक गोष्ट. शेडमध्ये दिसणारा गुरुत्वमध्य भरलेल्या टाक्यांचा असतो. टाक्यांतले इंधन कमी करून पाहा. पिवळा गोळा निळ्या गोळ्याच्या, म्हणजे हवेच्या उचलीच्या मध्याच्या, खाली सरकू लागला, तर ते रॉकेट उलटणारच.

प्रतिसाद २
मूठ पिळण्याचा अक्ष बहुधा पोटेन्शिओमीटरवर (फिरवल्यावर विद्युतरोध बदलणाऱ्या छोट्या भागावर) चालतो आणि त्याचा कार्बनचा पट्टा झिजला की अशी थरथर येते. आधी कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेचे संपर्कबिंदू साफ करणारा फवारा) मारून पाहा. तेवढ्याने न भागल्यास जुना भाग सोबत घेऊन बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या बाजारात, जा. त्याच मूल्याचा आणि त्याच लांबीच्या दांड्याचा भाग शोधावा लागेल.

धागाकर्ता
दोघांचेही मनःपूर्वक आभार. काटा खरोखरच उजवीकडे सरकलेला होता आणि डेडझोन वाढवल्यावर तो मध्यावर आला. तरीही कीबोर्डवर रॉकेट उलटलेच. मुलीने क्रम बदलू दिला नाही, म्हणून बूस्टरांना प्रत्येकी दोन हलणारे पंख लावले, आणि काल रात्री आम्ही प्रथमच ८० किलोमीटरच्या कक्षेत पोहोचलो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारूनही थरथर गेलेली नाही, त्यामुळे शनिवारी तपकीर गल्लीत जाणार आहोत. भाग बदलताना डाग देणे (सोल्डरिंग) टाळता येईल का, हे कोणास ठाऊक असल्यास सांगावे.