जुना शफल घ्यावा का?

पळायला जाताना ऐकायला जुना आयपॉड शफल, म्हणजे अ‍ॅपलचा तो चिमुकला गाणी वाजवायचा प्लेअर, घ्यावा का, असं विचारलंय तुम्ही. माझ्याकडे २००६ चा क्लिपवाला, १ जीबीचा होता. वजन जेमतेम १५-१६ ग्रॅम, टी-शर्टला अडकवला की विसरायलाच होतं. (एकदा तसाच धुण्याच्या बादलीत निघाला होता, वेळेवर दिसला म्हणून वाचला!) बटणं चाचपून कळतात, पळता पळता खाली बघावं लागत नाही.

पण ख्याल ऐकणार असाल तर वैताग. पडदाच नाही, त्यामुळे हवा तो राग शोधायचा म्हणजे बटण दाबत बसा. शिवाय चार्जिंग हेडफोनच्याच भोकातून, म्हणजे चार्ज होताना ऐकणं बंद. आणि गाणी नुसती कॉपी करून वाजत नाहीत, आयट्यून्ससारख्या अ‍ॅपलच्या प्रोग्रॅममधून कॉम्प्युटरवरून भरावी लागतात.

२००९ चा मात्र अजिबात नको. त्याची बटणं इअरफोनच्या वायरवर आहेत, साधा इअरफोन लावला की गाणं बदलायची सोयच नाही. २०१० च्या मॉडेलवर बटणं परत आली, तो मिळाला तर बघा. उत्पादन २०१७ लाच थांबलंय, तेव्हा बॅटरी म्हातारीच असणार. पैसे द्यायच्या आधी तासभर वाजवून घ्या.