अनुभव धागा: पुस्तकावरून स्वरलिपी वाचायला शिकताना

नौपाडा, ठाणे (धागाकर्ता)
क्लासची वेळ नोकरीत जमत नाही, किंवा या वयात शाळकरी मुलांच्या शेजारी बसायला अवघड वाटतं, म्हणून पुस्तक समोर ठेवून स्वरलिपी, म्हणजे गाण्याचे स्वर कागदावर लिहायची पद्धत, शिकणारे आपल्यात बरेच असणार. मी संगीतज्ञ भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांवरून पेटी शिकतोय. चिन्हं मोजकीच आहेत. कोमल (उतरत्या) स्वराखाली आडवी रेघ, तीव्र (चढ्या) मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्र (खालच्या) सप्तकाला खाली टिंब, तार (वरच्या) सप्तकाला वर. एका बैठकीत पाठ होतात. खरं वाचन त्याच्या पुढे सुरू होतं. तुम्हाला पुस्तक नेमकं कुठे उलगडलं ते लिहा. भारतीय, पाश्चात्त्य, कुठलीही पद्धत चालेल.

माझं सांगतो. सोळा मात्रांच्या त्रितालातल्या पुष्कळ बंदिशींची छापील ओळ पहिल्या मात्रेपासून नाही, नवव्या मात्रेपासून सुरू होते. म्हणून तालाच्या खुणांत आधी ० (खाली, म्हणजे टाळी न देता हात उघडायची जागा) दिसतं आणि × (सम, म्हणजे पहिली मात्रा) मध्यावर येतो. मी पेटी बंदच ठेवतो. हातावर टाळी-खाली धरून आधी नुसते शब्द, मग नुसते स्वर म्हणतो. मुखडा (बंदिशीचा सुरुवातीचा तुकडा) समेवर येऊन पडतो तो क्षण हाताला कळतो, मग डोळ्यांना. स्वरांच्या ओळीत – आणि शब्दांच्या ओळीत ऽ आला की आधीचंच लांबवायचं, पण ती मात्रा मोजायचीच. खाली चंद्रकोर असेल तर तेवढे सगळे स्वर एकाच मात्रेत.

कोपरखैरणे
माझी पद्धत पाश्चात्त्य, वाद्य कीबोर्ड. पाच रेषा आणि चार मोकळ्या जागा. ओळीच्या सुरुवातीला ट्रेबल क्लेफ नावाचं चिन्ह असतं, त्याचं वेटोळं खालून दुसऱ्या रेषेभोवती असतं, ती रेषा जी. पुस्तकं रेषांची नावं लक्षात ठेवायला वाक्यं देतात. मला त्यांचा उपयोग झाला नाही, कारण दरवेळी खालून मोजत वर जावं लागतं आणि तोवर ताल निघून जातो. मी मधला सी आणि जी एवढेच पक्के केले आणि बाकीचं अंतरावरून वाचायला लागले. रेषेवरून लगतच्या जागेत गेलं की शेजारचा स्वर, रेषेवरून पुढच्या रेषेवर गेलं की एक स्वर सोडून. ठाणे-वाशी लोकलमध्ये बसायला मिळालं की पान उघडते आणि ऐरोली-रबाळेपर्यंत मांडीवर बोटं चालवते. आवाज नसतानाही वाचन होतं, ही मला या लिपीची सगळ्यात मोठी देणगी वाटते.

पेटीवाल्यांसाठी: आपली पांढरी एक म्हणजे त्यांचा सी, काळी एक म्हणजे सी शार्प. आपला सा गळ्याप्रमाणे हलतो, त्यांचा सी जागेवरच राहतो. हे आधी समजून घेतलं तर दोन्ही लिप्या सुखाने नांदतात.

नेरूळ
गिटार. टॅबवरून (तारांच्या रेषांवर पट्ट्यांचे आकडे लिहायची पद्धत) बोट कुठे ठेवायचं ते कळतं, पण नुसत्या आकड्यांच्या टॅबमध्ये स्वर किती वेळ धरायचा ते बहुतेक वेळा नसतंच. म्हणून स्टाफ, म्हणजे ती पाच रेषांची लिपी, शिकलो. गिटारचा स्वर लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजतो. पियानोच्या पुस्तकावरून शिकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

वाशी
मी गायन शिकवते. आमच्याकडे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं मुख्यालय असल्यामुळे प्रारंभिक, प्रवेशिकेच्या परीक्षांना बसणारी घरोघरी सापडतात, आणि त्यांतले काही फक्त पुस्तकावर तयारी करतात. त्यांना एकच कळकळीने सांगते, पुस्तक उघडल्यावर आधी चिन्हांचा तक्ता बघा. भातखंडे आणि पलुस्कर हे दोन संगीतज्ञ, दोघांचंही नाव विष्णू, दोघांनी स्वरलिपी केली, पण खुणा वेगळ्या. भातखंडे पद्धतीत डोक्यावरचं टिंब तार सप्तक दाखवतं, पलुस्कर पद्धतीत तेच टिंब मंद्र. उभी रेघ भातखंड्यांकडे तीव्र मध्यम, पलुस्करांकडे तार सप्तक. सम भातखंड्यांकडे ×, पलुस्करांकडे १. घरात आजोबांच्या वेळचं पुस्तक असेल तर हे फार महत्त्वाचं.

आणि ऐकत राहा. दरबारी कानडा रागाचा गंधार छापताना ग आणि खाली रेघ, एवढंच येतं. तो आंदोलित, म्हणजे हळुवार झुलवत घेतलेला असतो, किती आणि कसा, हे कागद सांगू शकत नाही. नीट गायलेला दरबारी ऐकून मग त्याच ओळीकडे परत या.

घंटाळी, ठाणे
वाशीच्या ताई, खूप आभार. माझ्याकडे दोन पुस्तकांत एकच बंदीश वेगळी का दिसते, ते आज समजलं.

कळवा
आमचं बायकांचं भजनी मंडळ आहे. चाली सगळ्या सासूबाईंच्या पिढीकडून तोंडी आलेल्या, आणि त्या पिढीतल्या एकेक जणी आता येईनाशा झाल्यात. म्हणून मी स्वरलिपी वाचण्यापेक्षा लिहिण्यासाठी शिकले. वही आडवी धरायची, भजनी ठेक्याचे आठ रकाने आखायचे, खाली अभंगाचे शब्द आधी बसवायचे आणि मग वर स्वर शोधायचे. शब्द रकान्यात बसले की निम्मं काम होतं. मावशी गातात तेव्हा मधे थांबवायचं नाही, फोनवर रेकॉर्ड करून घ्यायचं, नाहीतर त्यांची लय मोडते आणि चालही बदलते. मंडळातल्या एकीला लिपी अजिबात येत नव्हती. तिला स्वर म्हणायला लावले तर ती चटकन म्हणाली, "अगं, ही तर काकूंची हरिपाठाची चाल!" कुणाच्या मंडळात अशा जुन्या चाली असतील तर कळवा, लिहून घ्यायला मी येईन.