सौरविजेचे दर उतरले, तरी फाउंड्रीचे बिल का उतरत नाही?

प्रश्न : शिरोलीतील उद्योजक

आमची कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत लहान फाउंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना) असून भट्टी इंडक्शनची, म्हणजे विजेवर चालणारी आहे, त्यामुळे कच्च्या मालाखालोखाल मोठा खर्च विजेचाच असतो. राजस्थानातील भडला येथील 2017 च्या लिलावात सौरविजेचा दर युनिटला 2 रुपये 44 पैसे आणि 2020 च्या अखेरीस गुजरातमध्ये 1 रुपया 99 पैशांपर्यंत खाली आला. सौरवीज कोळशाच्या विजेहून स्वस्त झाली असेल, तर आमचे बिल का उतरत नाही आणि शेडवर पॅनेल बसवून ते किती उतरेल, याबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : निवृत्त वीज अभियंता, कोल्हापूर

कोळशाच्या केंद्रात प्रत्येक युनिटमागे साधारण 600 ते 700 ग्रॅम कोळसा जाळावा लागतो, त्यामुळे खाण, रेल्वे आणि जागतिक बाजार यांचा भार त्या विजेवर कायम राहतो. ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल बंदरावरील कोळसा 2020 मध्ये टनाला 50 डॉलरच्या आसपास होता, तो युक्रेन युद्धानंतर 2022 मध्ये 400 डॉलरच्या वर गेला. सौर प्रकल्पाला इंधन लागत नाही. जवळजवळ सगळा पैसा सुरुवातीलाच घालावा लागतो, म्हणून तेथे कर्जाचा व्याजदर निर्णायक ठरतो. पॅनेल हा कारखान्यातला माल असल्याने जगातील आजवरचे एकूण उत्पादन दुप्पट झाले, की त्याची किंमत सुमारे 20 टक्क्यांनी घटते, असा अनेक दशकांचा अनुभव आहे. अर्थात एप्रिल 2022 पासून आयात पॅनेलवर 40 टक्के सीमाशुल्क लागले आणि लिलावांतील दर पुन्हा 2 रुपयांच्या वर गेले.

आपल्या बिलाचे म्हणाल, तर लिलावातला दर हा प्रकल्पाच्या दारातला असतो. त्यावर वहन, गळती आणि कर चढतात. शिवाय वितरण कंपन्यांनी कोळसा केंद्रांशी दीर्घ मुदतीचे करार केलेले असल्याने वीज उचलली नाही तरी स्थिर आकार द्यावाच लागतो.

उत्तर : फाउंड्री सल्लागार, गोकुळ शिरगाव

मी छताचा हिशेब मांडतो. एक टन बीड वितळवायला सुमारे 600 युनिट लागतात. एक किलोवॅटची पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिट देतात आणि शंभर चौरस फूट जागा घेतात. म्हणजे रोजच्या एका टनासाठी 150 किलोवॅट आणि पंधरा हजार चौरस फूट छत हवे. छतावरच्या विजेने कॉम्प्रेसर, शॉट ब्लास्टिंग (छर्‍यांच्या माऱ्याने ओतीव भाग साफ करणारे यंत्र) आणि मशीन शॉप चालेल, भट्टी नव्हे. फाउंड्रीची काळी धूळ पहाटेच्या दवाने काचेवर घट्ट बसते, म्हणून पॅनेल धुराड्यापासून लांबच्या उतारावर लावावीत आणि ऊन चढण्यापूर्वी धुवावीत.

पूर्वी रात्रीच्या सवलतीमुळे आपण भट्टी रात्रपाळीला लावत असू. आता केंद्राच्या 2023 च्या नियमदुरुस्तीनंतर सवलतीचा कल दिवसाच्या सौर तासांकडे वळला आहे, तेव्हा शक्य असेल तेथे पाळी दिवसा आणावी, असे माझे आग्रहाचे मत आहे.

उत्तर : साखर कारखान्यातील सहवीज विभागप्रमुख

केवळ सौर आणि कोळसा यांचीच तुलना करू नये. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे ऊन नसते आणि बगॅसवरील (उसाच्या चोथ्यावरील) वीजनिर्मितीही गळीत हंगामापुरतीच असते. मात्र पवनचक्क्या नेमक्या पावसाळ्यातच जोरात चालतात. 2022 च्या हरित मुक्त प्रवेश नियमांनुसार 100 किलोवॅट भाराचा ग्राहकही थेट उत्पादकाकडून अशी वीज घेऊ शकतो. सौर-पवन एकत्रित प्रकल्पाचा प्रस्ताव मागवताना मात्र वहन आकार आणि अधिभार धरून भट्टीपाशी पडणारा दर लेखी मागावा.