बिल शून्य येत असले तरी
कर्नाटक सरकारच्या ‘गृहज्योती’ या मोफत विजेच्या योजनेमुळे बिल शून्य येते, मग काटकसर कशासाठी, असा प्रश्न विचारला जातो. या योजनेत घराच्या २०२२-२३ मधील सरासरी वापरावर थोडी वाढ धरून मर्यादा ठरते; तिच्यावरील युनिटचे पैसे भरावे लागतात आणि महिन्याचा वापर २०० युनिटच्या पुढे गेला, तर पूर्ण बिल येते. बेळगाव-खानापूरच्या पावसाळी गारठ्यात खरा खादाड गीझरच, कारण २००० वॉटचा गीझर अर्धा तास तापला की एक युनिट संपते, तर ७५ वॉटचा पंखा तेवढ्याच विजेवर तेरा तास फिरतो. आषाढ-श्रावणात सौर हीटरचा इकडे फारसा उपयोग नाही, हे मान्य. दिवाळीनंतर मात्र ऊन असल्याने सौर हीटरवर भागते आणि गीझर बहुतेक दिवस बंद ठेवता येतो.